पळताना आलेली चक्कर ‘अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नका

एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा मैदानावर धावता धावता कोसळतो. मिनिटभरात शुद्धीवर येतो, उठून बसतो, पाणी पितो. तो घरी पोहोचेपर्यंत कारण ठरलेलं असतं: सकाळी काही खाल्लं नव्हतं, ऊन फार होतं, रात्री जागरण झालं, अंगात रक्तच नाही. मग लिंबू सरबत, एखादी सलाईन, टॉनिकची बाटली. घरात कोणी फारच काळजी करणारं असेल तर एक ईसीजी. तो नॉर्मल आला की सगळे निर्धास्त.

बहुतेक वेळा हे निर्धास्त होणं बरोबरच ठरतं. पण थोड्या मुलांच्या बाबतीत ती चक्कर म्हणजे हृदयाने दिलेली पहिली सूचना असते, आणि दुसरी सूचना मिळेलच याची खात्री नसते. आज मी अशाच एका दुर्मीळ, जन्मजात दोषाबद्दल लिहिणार आहे. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी धमनी चुकीच्या जागेतून निघणं, असा हा दोष. दुर्मीळ म्हणजे तुमच्यापैकी जवळजवळ कोणालाच तो असणार नाही. तरीही लिहितो आहे, कारण त्याचा शोध मशीनपासून सुरू होत नाही. ‘नेमकं काय करताना चक्कर आली?’ या प्रश्नापासून सुरू होतो, आणि हा प्रश्न घरातलं कोणीही विचारू शकतं.

त्या प्रश्नाचं महत्त्व आधी समजून घेऊ.

शाळेच्या प्रार्थनेला बराच वेळ उभं राहून येणारी चक्कर, लग्नाच्या गर्दीत येणारी, रक्त पाहून किंवा सुई टोचताना येणारी चक्कर, या सगळ्या एका जातीच्या. आधी मळमळतं, घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, आवाज लांबून आल्यासारखे वाटतात. रक्तदाब थोडा वेळ घसरलेला असतो. आडवं केलं, पाय वर केले की माणूस ताळ्यावर येतो. शर्यत संपवून एकदम थांबल्यावर, उभ्या उभ्या आलेली चक्करही बहुधा याच जातीची असते. धावताना पायांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात, ते अचानक थांबले की रक्त पायांत साठतं. पडताना अशा माणसाला बऱ्याचदा कळतं की आता आपण पडणार.

धावण्याच्या ऐन भरात आलेली चक्कर वेगळी. आधी काही जाणवत नाही. हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही, म्हणून मुलगा तोंडावर पडतो, ओठ फुटतो, दात तुटतो. किंवा चक्कर येत नाही, पण वेग वाढवला की छातीत दाब येतो आणि थांबलं की जातो. वीस वर्षांच्या मुलाला छातीत दाब आला तर आपण त्याला ‘गॅस’ म्हणतो. माझं मत सरळ आहे: धावताना, पोहताना, खेळताना, म्हणजे श्रमाच्या मध्यावर शुद्ध हरपली तर दोष हृदयात नाही हे सिद्ध होईपर्यंत तो हृदयातच आहे असं धरून चालायचं. त्यात हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार असू शकतो, ठोक्यांच्या विद्युतप्रवाहाचा दोष असू शकतो, विषाणूमुळे आलेली हृदयाची सूज असू शकते. आणि आजचा आपला विषय.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवतं, पण त्याचा स्वतःचा स्नायू मात्र आत भरलेल्या रक्तावर जगत नाही. त्याला वेगळा पुरवठा लागतो. हृदयातून महाधमनी जिथे बाहेर पडते, तिथे झडपेच्या अगदी वर तिच्या भिंतीला तीन छोटे फुगीर कोनाडे असतात. डाव्या कोनाड्यातून डावी कोरोनरी धमनी निघते, उजव्यातून उजवी. तिसरा कोनाडा रिकामा. डावी धमनी थोड्या अंतरावर दुभंगते आणि हृदयाच्या बहुतांश स्नायूला, विशेषतः मुख्य पंपाला, रक्त देते.

गर्भात हृदय घडताना क्वचित या वाटा चुकतात. डावी धमनी उजव्या कोनाड्यातून निघते, किंवा उजवी डाव्या कोनाड्यातून. निघण्याची जागा चुकली तरी पोहोचायचं ठिकाण तेच असतं, म्हणून तिला वळसा घालावा लागतो. हा वळसा कुठून जातो, यावर पुढचं सगळं अवलंबून. महाधमनीच्या मागून किंवा फुप्फुस धमनीच्या पुढून गेला तर सहसा काही बिघडत नाही. पण ती महाधमनी आणि फुप्फुस धमनी या दोन मोठ्या नळ्यांच्या मधून गेली तर धोका संभवतो.

‘दोन नळ्यांमध्ये चेंगरते’ असं सोपं चित्र पूर्वी काढलं जायचं. खरी गोष्ट थोडी अधिक गुंतागुंतीची आहे. अशा बऱ्याच रुग्णांमध्ये त्या धमनीचा सुरुवातीचा भाग महाधमनीच्या भिंतीच्या आतूनच जातो, भिंतीत घातलेल्या पाइपासारखा. तिचं तोंड गोल नसतं, फटीसारखं चपटं असतं. आणि ती सरळ बाहेर न पडता तिरक्या कोनात वळते. बसलेलं असताना, चालताना एवढ्या वाटेतून पुरेसं रक्त जातं. जोरात धावायला लागलं की हृदयाला कितीतरी जास्त रक्त हवं असतं, आणि नेमकं त्याच वेळी महाधमनी दाबाने फुगते, तिची भिंत ताणली जाते, भिंतीतला तो पाइप आणखी चपटा होतो. शिवाय हृदयाच्या स्नायूला रक्त मुख्यतः दोन ठोक्यांमधल्या विश्रांतीत मिळतं. नाडी वाढली की ती विश्रांतीच आखडते. स्नायू उपाशी पडला की त्याचे ठोके बेताल होतात, आणि माणूस कोसळतो.

इथे कोलेस्टेरॉलचा काही संबंध नाही, तंबाखूचा नाही, वजनाचा नाही. धमनी आतून स्वच्छ असते. ‘तो तर रोज दहा किलोमीटर पळायचा, त्याला काय होणार?’ हे म्हणणं म्हणूनच इथे लागू पडत नाही. उलट जो कधी जोरात पळतच नाही त्याचा दोष आयुष्यभर झाकलेला राहू शकतो. अमेरिकेचा नामवंत बास्केटबॉलपटू पीट मॅराविच याची गोष्ट तर विलक्षण आहे. दहा मोसम तो व्यावसायिक बास्केटबॉल खेळला. १९८८ च्या जानेवारीत, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मित्रांबरोबर सहज खेळताना तो कोसळला आणि गेला. शवविच्छेदनात दिसलं की त्याला डावी कोरोनरी धमनी जन्मतःच नव्हती. त्याचा दोष आपण बोलतोय त्याहून वेगळा, पण ‘इतका खेळतो म्हणजे हृदय उत्तमच’ या समजुतीला उत्तर म्हणून मी रुग्णांना हे उदाहरण देतो.

आता मुख्य मुद्दा. ईसीजी नॉर्मल आला म्हणून हा दोष नाही, असं म्हणता येत नाही. ईसीजी काढताना मुलगा पलंगावर आडवा असतो, आणि आडवं असताना या धमनीला काहीच त्रास नसतो. पण स्ट्रेस टेस्ट तर धावायला लावून करतात, ती तरी पकडेल ना? तीही अनेकदा चुकवते. २००० साली अमेरिका आणि इटलीतल्या डॉक्टरांनी, अशा चुकलेल्या धमनीमुळे अचानक मृत्यू आलेल्या २७ तरुण खेळाडूंची माहिती एकत्र छापली. त्यातल्या २३ जणांची डावी धमनी उजव्या कोनाड्यातून निघत होती. सगळे मृत्यू जोरदार श्रमाच्या वेळी किंवा त्यानंतर लगेच झालेले. २७ पैकी १२ जणांच्या आधीच्या तपासण्यांची आणि तक्रारींची नोंद मिळाली. ज्या ९ जणांचा ईसीजी काढला होता, त्या नऊही जणांचा नॉर्मल. ज्या ६ जणांची स्ट्रेस टेस्ट झाली होती, त्या सहाही जणांची नॉर्मल. आणि तक्रारी? बारांपैकी दहा जणांना आधी काही ना काही त्रास झालेला होता, मुख्यतः चक्कर किंवा छातीत दुखणं.

हे आकडे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. मशीन गप्प होतं आणि रुग्ण बोलत होता. आपण मात्र सवयीने मशीनवर जास्त विश्वास ठेवतो, डॉक्टरही आणि रुग्णही.

दुसरा एक अभ्यास आपल्याकडच्या भरतीच्या मुलांना जवळचा वाटेल. अमेरिकी सैन्यात १९७७ ते २००१ या काळात दाखल झालेल्या सुमारे ६३ लाख नव्या जवानांचं प्राथमिक प्रशिक्षण झालं. त्या काळात अपघात वगळता १२६ जवानांचा अचानक मृत्यू झाला. ६४ जणांच्या हृदयाच्या रचनेत दोष सापडला, आणि त्यातल्या २१ जणांत तो दोष हाच होता: डावी धमनी उजव्या कोनाड्यातून, दोन मोठ्या धमन्यांच्या मधून. म्हणजे हृदयाचा दोष सापडलेल्यांत तिघांमागे एक.

याच आकड्यांची दुसरी बाजूही बघा. ६३ लाखांत २१ म्हणजे तीन लाखांत एक. डाव्या धमनीचा हा दोष साधारण दहा हजारांत तिघांना असतो असं धरलं, तर त्या ६३ लाखांत तो असलेले जवळपास एकोणीसशे जण असणार. त्यातले बहुसंख्य प्रशिक्षणाचे कष्टाचे आठवडे सहीसलामत पार करून गेले. उजव्या धमनीचा दोष याच्या सात-आठपट जास्त आढळतो आणि त्याचा धोका बराच कमी असतो. तेव्हा दोष असणं आणि जीव जाणं यांत मोठं अंतर आहे. हे अंतर लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडणार आहे.

पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. गावोगावच्या अकॅडमीत पहाटे साडेचारला उठून मुलं-मुली ‘ग्राउंड’ काढत असतात. त्यांच्यात मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे: चक्कर आलेली ती सांगत नाहीत. सांगितलं तर अकॅडमीतून काढतील, ‘अनफिट’ म्हणतील, दोन-तीन वर्षांची मेहनत वाया जाईल, आणि घरच्यांनी फीसाठी काढलेलं कर्ज डोक्यावर राहील. ही भीती खोटी नाही, त्यामुळे त्यांना ‘जीव मोठा की नोकरी’ असं व्याख्यान देण्यात मला रस नाही. त्यांना मी एवढंच सांगतो की हा दोष सापडला तर दुरुस्त करता येतो, आणि दुरुस्त झाल्यावर पुन्हा धावता येण्याची शक्यता चांगली असते. लपवलेली चक्कर मात्र दुरुस्त होत नाही.

मग तपासायचं कसं?

पहिली पायरी टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मुलांमध्ये आणि सडपातळ तरुणांत, अनुभवी हातांना या धमन्यांची सुरुवात एकोत दिसू शकते. पण ती मुद्दाम शोधावी लागते. आपल्याकडे एकोचा रिपोर्ट बहुधा ठरलेल्या साच्यातला असतो. झडपा ठीक, पडद्याला छिद्र नाही, पंपिंग साठ टक्के, शेवटी ‘नॉर्मल स्टडी’. त्यात कोरोनरी धमन्या कुठून निघतात याची ओळच नसते. आणि ती ओळ नसलेला रिपोर्ट या प्रश्नाचं उत्तर देतच नाही. म्हणून श्रमाच्या वेळी चक्कर आलेल्या मुलाला एकोसाठी पाठवताना मी चिठ्ठीवर स्पष्ट लिहितो: धावताना शुद्ध हरपली, दोन्ही कोरोनरींची सुरुवात पाहावी. तुमच्या डॉक्टरांनाही तसं लिहायला सांगा. रिपोर्ट हातात आल्यावर ती ओळ शोधा. ‘दोन्ही आपापल्या जागेतून निघतात’ असं असेल तर उत्तम. ‘दिसल्या नाहीत’ असं असेल तर तेही प्रामाणिक उत्तर आहे, आणि मग पुढच्या तपासणीला जायचं. न दिसणं आणि नॉर्मल असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं तर म्हणणं आहे की तीस वर्षांखालच्या प्रत्येकाच्या एको रिपोर्टमध्ये ही एक ओळ असलीच पाहिजे. तिला वेगळा खर्च नाही, चार मिनिटं जास्त लागतात.

दुसरी पायरी सीटी कोरोनरी अँजिओग्राफी. हाताच्या शिरेतून औषध देऊन सीटी मशीनवर काही सेकंदांत चित्र घेतलं जातं. नाडी जास्त असेल तर आधी ती कमी करण्याची गोळी देतात. धमनी कुठून निघते, कशी वळते, भिंतीतून जाते का, तोंड किती चपटं आहे, हे सगळं यात दिसतं. औषधाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचा आजार किंवा गर्भारपण असेल तर आधी सांगायचं. क्ष-किरण टाळायचे असतील तर काही मोठ्या केंद्रांत एमआरआयवरही हे पाहता येतं. मांडीतून किंवा मनगटातून नळी घालून करायची नेहमीची अँजिओग्राफी ऐकायला ‘मोठी’ तपासणी वाटते, पण या कामात ती सीटीच्या मागे पडते. चुकीच्या जागी असलेलं तोंड नळीला सापडतच नाही, आणि सापडलं तरी वळसा पुढून आहे की मधून हे सपाट चित्रात नीट कळत नाही.

दोष सापडला की पुढचा प्रश्न असा की त्यामुळे श्रमाच्या वेळी स्नायूला खरंच रक्त कमी पडतं का. त्यासाठी पुन्हा स्ट्रेस टेस्ट लागते, पण नुसत्या ईसीजीची नव्हे. धावायला लावून किंवा औषधाने हृदय जोरात चालवून, एको, न्यूक्लिअर स्कॅन किंवा एमआरआयने स्नायूच पाहिला जातो. आता तुम्ही विचाराल की स्ट्रेस टेस्ट चुकवते म्हणालात आणि परत तीच? हो. ती दोष शोधायला कमी पडते, पण सापडलेल्या दोषाची तीव्रता ठरवायला मदत करते. ती खराब आली तर निर्णय सोपा होतो. चांगली आली तरी, डाव्या धमनीच्या बाबतीत, तिच्यावर पूर्ण विसंबत नाहीत.

उपचारांबद्दल. डावी धमनी उजव्या कोनाड्यातून, दोन नळ्यांच्या मधून जात असेल आणि चक्कर किंवा छातीत दुखण्याचा त्रास झाला असेल, तर शस्त्रक्रिया. यावर हृदयतज्ज्ञांत फारसा मतभेद नाही. त्रास नसेल पण वय कमी असेल तरीही डाव्या धमनीसाठी कल शस्त्रक्रियेकडेच असतो. उजव्या धमनीच्या दोषात त्रास असेल किंवा रक्त कमी पडल्याचा पुरावा असेल तर शस्त्रक्रिया, नाहीतर बहुधा नुसतं लक्ष ठेवणं. निर्णय होईपर्यंत स्पर्धा, भरतीचा सराव, जिममधले जड व्यायाम बंद. चालणं, कॉलेजला जाणं, रोजची कामं चालू.

धमनी भिंतीच्या आतून जात असेल तर शस्त्रक्रियेत सर्जन महाधमनी उघडून, आतल्या बाजूने, त्या पाइपावरचं आच्छादन कापून काढतात. चपटी फट रुंद होते आणि धमनीचं तोंड आपोआप योग्य कोनाड्याकडे सरकतं. भिंतीतला भाग नसेल तर धमनी मुळापासून सोडवून योग्य जागी पुन्हा शिवतात. छाती उघडून, हृदय-फुप्फुस यंत्रावर करायचं हे मोठं ऑपरेशन आहे. ते अशा जन्मजात दोषांवर नेहमी काम करणाऱ्या केंद्रातच करून घ्यावं. तिथून जवळच महाधमनीच्या झडपेचे पापुद्रे जोडलेले असतात, त्यांना धक्का लागला तर झडप गळायला लागू शकते. हात सरावलेला हवा.

यावर दोन प्रश्न हमखास येतात. स्टेंट टाकून भागणार नाही का? तरुणांत सहसा नाही. दोष चरबीच्या गाठीचा नसून वाटेचा आहे, आणि बाहेरून दाबल्या जाणाऱ्या नळीत स्टेंट हा टिकाऊ उपाय मानला जात नाही. काही मोठ्या वयाच्या रुग्णांत, उजव्या धमनीसाठी, निवडक केंद्रांत तो वापरला गेला आहे. मग बायपास? ऐकायला सयुक्तिक, पण इथे एक गंमत आहे. विश्रांतीत मूळ धमनीतून भरपूर रक्त वाहत असतं, त्यामुळे बायपासच्या नव्या नळीतून फारसं रक्त जातच नाही, आणि रक्त न वाहणारी नळी हळूहळू बंद पडते. म्हणून बायपास हा इथे पहिला पर्याय नाही. गोळ्यांनी वाट सरळ होत नाही. नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या कधीकधी आधार म्हणून देतात, एवढंच.

ऑपरेशननंतर साधारण तीन महिने जोरदार श्रम नाहीत. मग पुन्हा स्ट्रेस टेस्ट आणि इतर तपासण्या. त्रास नसेल, तपासण्या स्वच्छ असतील, तर हृदयतज्ज्ञ खेळायला परवानगी देऊ शकतात. भरतीचे वैद्यकीय नियम हा त्यापुढचा वेगळा प्रश्न. त्याबद्दल ऑपरेशनआधी खोटी आशा दाखवू नये, असं मी पालकांना आणि डॉक्टर मित्रांनाही सांगतो.

आता ते मघाचं अंतर. हल्ली हेल्थ चेकअप पॅकेजमध्ये सीटी अँजिओग्राफी सर्रास होते, आणि पन्नाशीतला एखादा गृहस्थ रिपोर्ट घेऊन घाबराघुबरा येतो. कधी कसलाही त्रास नाही, जिने चढतो, शेतात कामं करतो. रिपोर्टमध्ये लिहिलेलं असतं: उजवी कोरोनरी डाव्या सायनसमधून, पुढे ‘मॅलिग्नंट कोर्स’. मॅलिग्नंट! आपल्या घरांत हा शब्द एकाच आजारासाठी माहीत आहे. बायको रडायला लागते, मुलगा पुण्याहून सुट्टी काढून येतो. इथे मॅलिग्नंट म्हणजे कॅन्सर नव्हे. दोन मोठ्या धमन्यांमधून जाणाऱ्या वळशाला पडलेलं ते जुनं नाव आहे. तज्ज्ञ आता ते टाळतात, रिपोर्टांतून अजून गेलेलं नाही. या दोषातले अचानक मृत्यू मुख्यतः तिशीच्या आत, जोरदार खेळताना झालेले आहेत. पन्नाशी पार केलेल्या, त्रास नसलेल्या माणसाची उजवी धमनी अशी सापडली तर हृदयतज्ज्ञांचा सल्ला घ्यायचा, गरज वाटल्यास स्नायूचा रक्तपुरवठा तपासायचा, आणि तो ठीक असेल तर बहुतेकदा धमनीला हात लावायचा नाही. अशा शस्त्रक्रियेने आयुष्य किती वाढतं हे दाखवणारे मोठे तुलनात्मक अभ्यास नाहीत, इतक्या दुर्मीळ दोषात ते करणंही कठीण. घाईने छाती उघडून घेण्याआधी दुसऱ्या केंद्राचं मत जरूर घ्या.

सगळ्याच भरतीच्या मुलांची सीटी करावी का? मला ते पटत नाही. तीन लाखांत एक मृत्यू टाळण्यासाठी लाखो निरोगी मुलांना क्ष-किरण द्यायचे, आणि निरुपद्रवी वळसे सापडलेल्या शेकडो मुलांना कायमचं घाबरवायचं, हा हिशोब जुळत नाही. पण ज्या फिटनेस सर्टिफिकेटवर आम्ही डॉक्टर सह्या करतो, त्यात वजन, उंची, रक्तदाब यांच्याबरोबर तीन प्रश्न सक्तीचे असावेत. धावताना कधी शुद्ध हरपली का? श्रमाने छातीत दाब किंवा दुखणं येतं का? घरात चाळिशीच्या आत कोणी अचानक गेलं आहे का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर सही थांबवून एको. यासाठी शासनाचा निर्णय यावा लागत नाही, अकॅडमीच्या प्रवेश अर्जावर उद्यापासून छापता येतं. अकॅडमीच्या प्रशिक्षकांना छातीवर दाब देऊन हृदय चालू ठेवण्याचं शिक्षण असलंच पाहिजे. कोसळलेला मुलगा हाक मारून उठत नसेल, श्वास नीट नसेल, तर तोंडावर पाणी मारत बसायचं नाही, कांदा हुंगवायचा नाही. एकाने १०८ ला फोन, दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध जोरात, वेगाने दाब, मिनिटाला १०० ते १२०, रुग्णवाहिका येईपर्यंत.

आणि एक गोष्ट जिच्याबद्दल आपल्याकडे कोणी बोलत नाही. एखादा तरुण असा गेलाच, तर घरचे शवविच्छेदन नको म्हणतात. त्यांचं दुःख मी समजू शकतो. शवविच्छेदन झालं तरी अहवालात कधीकधी नुसतंच ‘हृदयविकार’ येतं. महाधमनी उघडून दोन्ही धमन्यांची तोंडं कुठे आहेत हे पाहिलं, तर हा दोष कळतो. न पाहता धमनी ‘स्वच्छ’ दिसते आणि कारण अज्ञात राहतं. घरच्यांनी ही विनंती डॉक्टरांना करावी, कारण मागे राहिलेल्या भावंडांसाठी उत्तर वेगवेगळं असतं. स्नायू जाड होण्याचा किंवा विद्युतप्रवाहाचा आजार निघाला तर तो आनुवंशिक असू शकतो, आणि भाऊ-बहिणींची, आई-वडिलांची तपासणी करावीच लागते. धमनी चुकलेली निघाली तर तो दोष सहसा पिढीजात नसतो, फार थोड्या कुटुंबांत एकाहून अधिक जणांत आढळला आहे. अशा वेळी भावंडांचा, धमन्यांची ती ओळ असलेला, एक एको पुरेसा होतो. त्यात दोन्ही धमन्या जागच्या जागी दिसल्या, तर धाकट्या भावाला या कारणासाठी मैदानापासून दूर ठेवण्याची गरज नाही.